जंगलातला सत्कार

त्या उन्हाळ्यात मी नेमकी काय नोकरी करते, हे आमच्या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. माझी आपली समजूत अशी की मी डोंगरातल्या पायवाटा दुरुस्त करते. ॲरिझोनातल्या चँडलरच्या भट्टीतून निघून गाडीनं दोन-तीन तास उत्तरेकडे चढत गेलं की पाइनच्या झाडांचं सरकारी जंगल लागतं. तिथे उन्हाळ्यापुरती माणसं घेतात. माझं कॉलेज संपलं होतं, मास्टर्सची ॲडमिशन हातात होती, आणि मी मध्येच ती वर्षभर पुढे ढकलून या कामाला जाऊन मोकळी झाले होते. आठ दिवस आत जंगलात तंबू ठोकून राहायचं, वाटेवर आडवी पडलेली झाडं कापायची, पावसाचं पाणी बाजूला काढायला चर खणायचे, आणि मग सहा दिवस घरी येऊन झोपायचं. सगळं मिळून दोन शब्दांत मावत होतं: मी खणते. पण ते दोन शब्द आमच्या घरात कोणी धड ऐकून घेतले नाहीत.

बाबा नागपूरचे, चँडलरला चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. इतका सरळ माणूस की खोटं बोलायचं नुसतं मनात आणलं तरी कान लाल व्हायचे. इथल्या मराठी मंडळाच्या एका जेवणात कोणीतरी माझी चौकशी केली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "प्राची फॉरेस्टमध्ये आहे. गव्हर्नमेंट जॉब." यात काडीचंही खोटं नव्हतं. पण आपल्याकडच्या माणसाला फॉरेस्टमधली सरकारी नोकरी म्हटलं की काय दिसतं, हे मी तुम्हांला सांगायला नको. हिरवी जीप दिसते, कौलारू बंगला दिसतो, बंगल्याच्या पायरीवर सलाम ठोकणारा शिपाई दिसतो. त्या जेवणात मठ्ठा येईपर्यंत मी रेंजर झाले होते आणि गुलाबजामपर्यंत ऑफिसर. आठवड्याभरात नागपूरहून आत्याचा फोन आला तेव्हा अख्खं जंगल माझ्या हाताखाली होतं, आणि पोरीला सरकारनं पिस्तूल दिलंय का, अशी आत्याला काळजी लागली होती. पोरगी त्या वेळी मांडीभर खड्ड्यात उभी राहून फावड्यानं माती वर फेकत होती. तो खड्डा आमच्या मुक्कामाच्या संडासाचा होता. संडास खणायचं काम टोळीत माझ्याकडे होतं आणि ते मला फार छान जमायचं. कडा सरळ, तळ सपाट, बसायला जागा निवांत, समोर डोंगर. आता या वयात गुडघे वाकत नाहीत, पण कुठे कोणी खणताना दिसलं की मी उभी राहून बघते आणि मनातल्या मनात मार्क देते.

टोळी लहानशीच होती. मार्ला आमची मुकादम. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, शब्द असे जपून वापरणारी की जणू तेही पाठीवर वाहून आणावे लागतात. टायलर माझा जोडीदार, माझ्याच वयाचा, सदा भुकेला. आणि ग्लोरिया. ही खेचर. आमची हत्यारं, तंबू, धान्य सगळं ग्लोरियाच्या पाठीवर चढायचं, आणि ती चालेल तेव्हा आम्ही चालायचो. जंगलाच्या त्या भागात मोटरच्या करवतीला बंदी, त्यामुळे झाडं कापायची ती दोन माणसांच्या लांबलचक करवतीनं, ओंडक्याच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक उभं राहून. या करवतीचा नियम एकच: आपण फक्त ओढायची. ओढून झाली की हात सैल सोडायचा, मग समोरचा ओढतो. ढकलायची नाही. ढकलली की पातं वाकतं, अडकतं आणि मार्ला आपल्याकडे बघते. तिचं ते बघणं मला पहिल्या आठवड्यात इतक्या वेळा मिळालं की पुढे मी झोपेतही काही ढकललं नाही.

मला तिथेच राहायचं होतं. म्हणजे जन्मभर नाही, पण निदान पुढच्या उन्हाळ्यात परत यायचं होतं, आणि असं मला आयुष्यात त्याआधी कशाबद्दल वाटलं नव्हतं. यात दोन अडचणी होत्या. एक मार्ला, कारण पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचं ते तिच्या मनावर असे. दुसरी बाबा, कारण त्यांनी निघतानाच सांगितलं होतं, "एक समर. त्यानंतर हा विषय घरात निघणार नाही." मार्लाला जिंकायला खणणं पुरेसं होतं. बाबांना कसं जिंकायचं, ते मला कळत नव्हतं. ज्या कामाचं ते नावसुद्धा घेत नव्हते, ते पुन्हा करू द्या असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

सुट्टीला घरी आले की आई मला आधी गॅरेजमध्येच थांबवायची. बूट तिथे, मोजे तिथे, शर्ट झटकून मग वॉशिंग मशीनमध्ये, आणि मशीन तेच कपडे घेऊन दुसऱ्यांदा फिरायचं, कारण पहिल्या वेळच्या पाण्यात, आईच्या म्हणण्याप्रमाणे, मिरच्या लावता आल्या असत्या. बाहेर अंगणात चप्पल वितळेल असं ऊन, आत एसीची एकसुरी घरघर, त्यावर कुकरच्या शिट्ट्या, आणि त्या सगळ्याच्या वर बाबांच्या फोनच्या स्पीकरवर मंडळाची मीटिंग. आमच्या मंडळाची मीटिंग कधी सुरू झालेली मला आठवत नाही आणि कधी संपलेलीही. आई माझे तळहात उलटे करून बघायची, फोड मोजायला लागायची आणि अर्ध्यात सोडून द्यायची. "हे हात बघून कोण हो म्हणणार आहे गं?" मग तूप चोळायची. मी म्हणायची, "आई, आय डिग. हात असेच होतात." ती म्हणायची, "हळू बोल, बाबांचा फोन म्यूटवर नाहीये."

आणि ती डबे भरायची. दशम्या, मेथीचे लाडू, दाण्याची चटणी, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, ज्याच्या झाकणावर तिनं टेप लावून वर इंग्रजीत 'डेंजर' असं लिहिलं होतं. टायलरनं ते वाचूनही चमचाभर तोंडात टाकला, ओढ्यात डोकं बुडवलं, वर आला आणि अजून मागितला. तेव्हापासून त्याची बिस्किटं आणि माझा ठेचा अशी देवाणघेवाण सुरू झाली. तो माझ्या आईला न बघताच मॉम म्हणायला लागला होता. आणि पुढच्या खेपेला सामान भरताना ठेच्याचा डबा मार्लानं स्वतःच्या हातानं, अंडी ठेवतात त्या मऊ कप्प्यात ठेवला.

हे सगळं असंच चाललं असतं, पण मध्ये बोरकरकाका आले. बोरकरकाका मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याकडे एक चाकांचा स्पीकर होता, एक माइक होता, आणि ही दोन्ही यंत्रं रिकामी बसलेली त्यांना बघवत नसत. मंडळाची उन्हाळी पिकनिक यंदा थंड हवेत, थेट आपल्या प्राचीच्या जंगलात करायची आणि तिथे आपल्या फॉरेस्ट ऑफिसरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, असा ठराव त्यांनी मांडला आणि स्वतःच मंजूर केला. बाबा त्या मीटिंगमध्ये म्यूटवर होते. म्यूट काढेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या.

मी जंगलात जायच्या आदल्या दिवशी बाबा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. कान लाल. "प्राची, तुम्ही लोक पुढच्या शनिवारी खाली पार्किंगला येणार ना? आम्ही तिथेच असू. तू फक्त एक कर. दोन तास खणू नकोस."

"मग काय करू?"

"उभी राहा. जमलं तर हात मागे बांध. ऑफिसर लोक तसेच राहतात." मग म्हणाले, "मी कोणाशी खोटं बोललो नाही गं. मी फक्त करेक्ट केलं नाही. आता करेक्ट करायला गेलो तर बोरकर मला जन्मभर सोडणार नाही."

मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती. मी म्हटलं, उभी राहीन.

पण शुक्रवारी संध्याकाळी पाऊस झाला, वारा झाला, आणि आमच्या मुक्कामापासून हाकेच्या अंतरावर एक भलाथोरला पाइन वाटेवर असा आडवा पडला की एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. वळसा घालायला जागा नाही. शनिवारी सकाळी मुक्काम हलवायचा तो तसाच राहिला. मार्ला ओंडक्याखालून सरपटत पलीकडे गेली. ग्लोरिया रात्रभर खालच्या पार्किंगजवळच्या कुंपणात होती, तिला घेऊन यायचं होतं. टायलर त्या बाजूला, मी या बाजूला, अशी आम्ही करवत धरली. ओंडका बाजूला करायचा तर त्यातला मधला तुकडा काढायला दोन काप लागतात. पहिला काप होईतो माझ्या अंगावर इतका चिखल, डिंक आणि भुसा बसला होता की माझ्या आईनंही मला गॅरेजमध्ये घेतलं नसतं.

दुसरा काप निम्मा झाला असेल, आणि खालून सनई ऐकू आली.

आधी मला वाटलं, उपाशीपोटी भास होतोय. टायलर म्हणाला, "डू यू हिअर दॅट?" वळणावरून मिरवणूक वर आली. सगळ्यांत पुढे ग्लोरिया. तिच्या पाठीवर बोरकरकाकांचा स्पीकर, आणि स्पीकरमधून लग्नातली सनई. तिचा दोर धरून मार्ला, चेहऱ्यावर नेहमीइतकाच भाव, म्हणजे काही नाही. मागे बोरकरकाका, मग बाबा आणि आई, आणि त्यांच्यामागे पैठण्या, रनिंग शूज आणि गॉगल घातलेलं आमचं मंडळ. झालं होतं असं की मी खाली दिसेना, म्हणून काकांनी मंडळ वर काढलं; आणि पार्किंगपाशी चिखलाच्या बुटांतली, खेचर धरलेली बाई दिसल्यावर ती ऑफिसरची शिपाईच असणार, याविषयी त्यांना शंका उरली नाही. त्यांनी स्पीकर तिच्या हवाली केला, हाराची पिशवी दिली, नारळ दिला, आणि सत्काराची शाल तिच्या हातात ठेवून म्हणाले, "प्लीज, कॅरी व्हेरी केअरफुली." मार्लानं ती जपूनच आणली. स्पीकर ग्लोरियाच्या पाठीला घासू नये म्हणून खाली नीट चौघडी करून घातली होती.

मी करवत सोडून हात मागे बांधले. बाबांनी माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"वा, वा," बोरकरकाकांनी माइक काढला. "बघा मंडळी. ऑफिसर असून स्वतः हात लावते. स्टाफला एक्झाम्पल सेट करते. यालाच लीडरशिप म्हणतात." मग त्यांनी भाषण सुरू केलं. ओंडक्याच्या त्या बाजूला चाळीसेक माणसं, या बाजूला मी एकटी. भाषणात मराठी माणूस, सह्याद्री, सातासमुद्रांपार आणि मी, असे सगळे होतो. टायलरच्या हातात कोणीतरी नारळ दिला होता आणि तो कुठून उघडायचा ते तो शोधत होता. हार घालायची वेळ आली तेव्हा काकांनी मागे न बघता हात पुढे केला. हातात पिशवी आली. पिशवीत दोरा होता आणि दोऱ्याला दोन झेंडू. ग्लोरिया बाकीचे शांतपणे चघळत होती. अंगावर शाल, तोंडात हार. सत्कार झाला होता, फक्त उत्सवमूर्ती बदलली होती.

दुसरं कोणी इथे थांबलं असतं. काकांनी माइक मार्लाच्या तोंडापुढे धरला आणि इंग्रजीत विचारलं, आमच्या ऑफिसरच्या हाताखाली काम करताना तुला कसं वाटतं?

मार्लानं थोडा विचार केला. "ती माझ्या हाताखाली काम करते," ती म्हणाली. "आणि तिच्याइतका चांगला संडास मी आजवर कोणाला खणताना पाहिलं नाही. पुढच्या वर्षी ती मला परत हवी आहे." अख्ख्या उन्हाळ्यात तिच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यांत लांब बोलणं होतं, आणि ते स्पीकरवर, डोंगराच्या पलीकडच्या अंगापर्यंत गेलं.

सनईसुद्धा थांबली. सगळे माझ्याकडे बघायचं सोडून बाबांकडे बघायला लागले. आई पदराशी चाळा करत होती. मला तेव्हा मार्लानं मला निवडल्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाच नाही. मला नुसते बाबांचे कान दिसत होते. बाबांनी काकांच्या हातातून माइक घेतला. दोनदा घसा साफ केला. "प्राची ऑफिसर नाही," ते म्हणाले. "ती रस्ते दुरुस्त करते. आणि ते, मॅडम म्हणाल्या ते. मी तुम्हांला आधीच सांगायला पाहिजे होतं."

मग बोरकरकाकू गर्दीतून पुढे आल्या. भारदस्त बाई, अंजिरी पैठणी, मंडळात काकांना मध्येच थांबवू शकणारी एकमेव व्यक्ती. मला म्हणाल्या, "बेटा, मॅडम म्हणाल्या ते खरंय का? तो खड्डा अजून आहे?"

"हो काकू. बुजवायचा राहिलाय."

"कुठे आहे?"

"इथेच. या बाजूला, त्या खडकामागे."

"मग हे लाकूड लवकर काप," काकू म्हणाल्या. "मी पेट्रोल पंपापासून धरून ठेवलंय. हे म्हणाले जंगलात सगळी सोय आहे." आणि त्यांच्यामागे पैठण्यांमधून एक हुंकार उठला. त्या हुंकारावरून मला कळलं की काकू एकट्या नव्हत्या.

ओंडक्याखालून सरपटणं पैठणीत शक्य नव्हतं. काप निम्माच झाला होता, आणि टायलर ऐन वेळी गायब. ग्लोरिया शाल आणि स्पीकर घेऊन सावलीच्या शोधात खाली निघाली होती आणि तो तिच्यामागे पळाला होता. "बाजूला व्हा, मी करतो," म्हणत बोरकरकाकांनी टायलरची मूठ धरली आणि सगळा जोर लावून ढकलली. पातं वाकलं, अडकलं. मार्लानं त्यांच्याकडे बघितलं. मला अनुभव होता म्हणून सांगते, काका त्यातून लवकर सावरले.

"अहो, व्हा तिकडे," काकू कळवळून म्हणाल्या. मग बाबा पुढे आले. त्यांनी घड्याळ काढून आईच्या हातात दिलं, बाह्या वर केल्या आणि मूठ धरली. मी आणि माझा बाप, मध्ये ओंडका.

"बाबा, ढकलायची नाही. ओढायची आणि सोडायची."

"सोडली तर कशी चालेल?"

"मी आहे ना इकडे."

पहिल्यांदा त्यांनी ढकललीच. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यांचे हात सैल झाले आणि करवत अलगद माझ्याकडे आली. मग त्यांच्याकडे गेली. भुसा उडायला लागला. बाबांचा चष्मा नाकावर घसरला, शर्ट पाठीला चिकटला, आणि मंडळातल्या सगळ्या बायका, ज्यांचं कधी एकमत होत नसे, एका सुरात मोजायला लागल्या. शेवटी लाकडात कट्कन आवाज आला, मार्लानं सगळ्यांना मागे सारलं, आणि तो तुकडा आम्ही पायांनी रेटत दरीत ढकलला. काकू त्या फटीतून गेल्या तसं मी पुढे कोणाला कुठे जाताना पाहिलेलं नाही. मागे रांग लागली. परत येताना प्रत्येक बाई काहीतरी बोलत होती. कोणी व्ह्यू सांगत होतं, कोणी हवा. काकू माझ्यासमोर थांबल्या, माझा चिखलाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "देवानं भलं करावं गं तुझं." पोरींना आशीर्वाद कसलेकसले मिळतात, इतक्या मनापासूनचा मला परत मिळाला नाही.

दुपारी उशिरा आम्ही चँडलरकडे निघालो. बाबा गाडी चालवत होते, पण स्टिअरिंग दोन बोटांनी धरून, कारण तळहातांना फोड आले होते. मी मागच्या सीटवर, आईनं माझ्याखाली अंथरलेल्या तीन टॉवेलांवर. तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर आत्याचा फोन आला. नागपूरला पहाट होती आणि तरी बातमी पोचली होती.

"काय रे," आत्या म्हणाली, "पोरगी खड्डे खणते म्हणे? तू तर ऑफिसर म्हणाला होता."

"ऑफिसर काय, कोणीही होतो," बाबा म्हणाले. "त्यांना म्हणावं, असा एक खड्डा खणून दाखवा. चाळीस लोक होते, ताई. एकानं कम्प्लेन्ट केली नाही. पूर्ण ॲरिझोनात हिच्यासारखं खणणारं कोणी नाही, तिथल्या मॅडमनी माइकवर सांगितलं."

ॲरिझोनाचं मार्ला काही बोलली नव्हती. आईनं आरशात माझ्याकडे बघितलं.

"बरं, असो," आत्या म्हणाली. "एक समर म्हणाला होता ना. संपलं आता."

बाबांनी गिअरवरचा हात उचलून फोडांवर फुंकर घातली. "कुठलं संपतंय," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी परत जायचंय तिला. तिथे तिच्याशिवाय अडतं."

मी टॉवेलांवर बसून रडायला लागले, आणि आई पर्समध्ये टिश्यू शोधत पुटपुटली, "अगं, चिखल होतोय सगळा."